बत्ती कुणी धरायची?



आपण सगळ्यांनी लहानपणी एक वाक्य ऐकलेलं आहे. "पोरी, बत्ती धर." मोटर बिघडली, बाप पाना घेऊन खाली बसला, की पोरगी बत्ती धरून उभी. रात्री गाय व्यायला आली, आजी गोठ्यात, की पोरगी बत्ती धरून उभी. हात जरा हलला की बोलणी बसायची, "लक्ष कुठं आहे तुझं?" काम दुसऱ्याचं, उजेड आपल्या हातात, आणि आपल्या पायाशी अंधार. दिव्याखाली अंधार ही म्हण कुणी केली ते माहीत नाही, पण बत्ती धरून उभ्या राहिलेल्या एखाद्या पोरीनेच केली असेल असं आम्हाला वाटतं.

आज आम्ही त्या बत्तीबद्दलच बोलणार आहोत. आमच्या गटाने यंदाच्या हिवाळ्यात डोक्याला बांधायची, चार्जिंगची एक बत्ती घेतली. दुकानात तिला हेडलॅम्प किंवा हेड टॉर्च म्हणतात. आमच्या बाया तिला सरळ 'डोक्याची बत्ती' म्हणतात. गटात आम्ही अकरा जणी. प्रत्येकीने ती तीन-तीन रात्री वापरली, म्हणजे तेहतीस रात्री. बरं-वाईट जे दिसलं ते वहीत लिहिलं. आणि हे चालू असताना बत्तीचा इतिहासही शोधला, कारण पहिल्याच बैठकीत एका ताईने विचारलं, "ही वस्तू कुणासाठी बनवली असेल? आपल्यासाठी तर नक्कीच नाही."

बत्ती का घेतली

आमचा भाग कापूस, तूर आणि हरभऱ्याचा. शेतीपंपाची वीज आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी लागतं थंडीत, आणि पाळी रात्रीची असली की रात्रीच ओलिताला जावं लागतं. ज्या घरात पुरुष कामाला बाहेरगावी आहे किंवा पुरुष राहिलाच नाही, तिथे बाई जाते. आमच्या अकरा जणींपैकी पाच जणी जातात. स्प्रिंकलरचे पाईप एका जागेवरून उचलून पुढच्या जागी जोडायचे असतात, आणि त्याला दोन्ही हात लागतात. मग मोबाइलची बत्ती लावून मोबाइल दातात धरायचा. हसू नका, आपण सगळ्याच तसं करतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एक ताई अशाच मोबाइल दातात धरून पाईप नेत होत्या. मान वर, उजेड समोर, पाय अंधारात. धुऱ्याजवळ घोणस चावली. नशिबाने शेजारच्या शेतात माणसं होती, त्यांनी तडक दवाखान्यात नेलं, सापाच्या विषावरची लस मिळाली आणि त्या वाचल्या. पाय बरा व्हायला मात्र चार महिने गेले. सुरुवातीचा प्रश्न विचारला तो याच ताईंनी.

टोपीवरची मेणबत्ती

तर ही बत्ती कुणासाठी बनली? उत्तर आहे, खाणीत काम करणाऱ्या माणसासाठी. जमिनीखाली सूर्य नाही, एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात छिन्नी. बत्ती धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा भाग आहे. तिथे कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणी होत्या. तिथले मजूर कडक नमद्याची टोपी घालायचे, टोपीवर ओल्या चिकणमातीचा गोळा थापायचे आणि त्यात मेणबत्ती रोवायचे. डोक्याच्या बत्तीची सुरुवात अशी आहे, मातीचा गोळा आणि मेणबत्ती. पुढे टोपीला अडकवायचे छोटे तेलाचे दिवे आले, आपल्या चिमणीसारखे, नळीतून वात बाहेर आलेली.

कोळशाच्या खाणीत मात्र उघडी ज्योत म्हणजे मरण. कोळशाच्या थरातून एक वायू झिरपतो, मिथेन. गोबरगॅसमध्ये जळतो तोच. खाणीतल्या हवेत तो ठराविक प्रमाणात मिसळला आणि ज्योत लागली की स्फोट होतो. 25 मे 1812 रोजी इंग्लंडच्या उत्तरेला फेलिंग नावाच्या खाणीत असा स्फोट झाला आणि 92 माणसं आणि मुलं गेली. त्यानंतर लोकांनी शास्त्रज्ञांच्या मागे लकडा लावला, की बाबांनो, जीव न घेणारा दिवा करा.

1815 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी असा दिवा दाखवला. त्यात नवल वाटावं असं काही नव्हतं. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी, एवढंच. ज्योतीची उष्णता ती तार शोषून घेते, त्यामुळे जाळीबाहेरचा वायू पेट घेण्याइतका तापत नाही. शिवाय हवेत वायू असला की जाळीतली ज्योत उंच आणि निळसर व्हायची, म्हणजे दिवाच धोक्याची खबर द्यायचा. त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सन यांनीही स्वतंत्रपणे तसाच दिवा केला होता, आगगाडीच्या इंजिनासाठी ज्यांचं नाव आपण शाळेत वाचलं तेच. आधी कुणी केला यावरून मोठा वाद झाला. डेव्ही यांनी आपल्या दिव्याचं पेटंट मात्र घेतलं नाही.

इथे आमच्या बैठकीत चर्चा रंगली, कारण पुढची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दिवा आला म्हणून अपघात थांबले का? लोकांना वाटलं होतं तेवढे थांबले नाहीत. सुरक्षित दिवा आहे म्हटल्यावर मालकांनी आधी धोक्याच्या म्हणून सोडलेल्या जागाही खोदायला घेतल्या. मजूर अजून खोल गेला. आमच्या एक काकू म्हणाल्या, "म्हणजे बत्ती दिली की कामही वाढवून देतात." हे वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे. पुढे त्यावर येऊ.

दुसरं म्हणजे त्या जाळीच्या दिव्याचा उजेड फार मंद होता. वर्षानुवर्षं तशा उजेडात काम करणाऱ्या खाणमजुरांना डोळ्यांचा एक आजार व्हायचा, बुबुळं आपोआप थरथरायची. त्या आजाराला खाणमजुरांच्याच नावाने ओळखलं जायचं. मंद उजेडात डोळे ताणून काम करण्याची किंमत शरीर मोजतं. रात्री चुलीपाशी निवडायला, शिवायला बसणाऱ्या बाईने हे लक्षात ठेवावं.

खाणीतल्या बाया

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यात बाया कुठे आहेत? होत्या. इंग्लंडमध्ये बाया आणि मुलं जमिनीखाली कोळशाच्या गाड्या ओढायची. पाच-सहा वर्षांची लेकरं खाणीतल्या हवेच्या दारापाशी बसवलेली असायची. गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं. दिवसभर, पुष्कळदा मिट्ट अंधारात, कारण लेकराला मेणबत्ती कोण देणार? सरकारने चौकशी केली, ते सगळं छापून आलं, लोक हादरले, आणि 1842 मध्ये कायदा झाला की बाया आणि दहा वर्षांखालची मुलं जमिनीखाली कामाला लावायची नाहीत.

आपल्या देशातही राणीगंज आणि झरिया या कोळशाच्या भागांत हजारो बाया खाणीत उतरत होत्या. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीत भरून डोक्यावरून वाहायची, जोडीने मजुरी. 1929 मध्ये नियम झाला की बायांना हळूहळू जमिनीखालून बाहेर काढायचं, आणि 1937 मध्ये पूर्ण बंदी आली. मग महायुद्ध सुरू झालं, कोळसा कमी पडू लागला, तेव्हा 1943 मध्ये बंदी उठवली. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये पुन्हा घातली. गरज होती तेव्हा बाई चालली, गरज संपली तशी नको झाली.

स्वातंत्र्यानंतर 1952 च्या खाण कायद्याने बाईला जमिनीखाली मनाई केली, आणि वरच्या कामावरही संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळात ठेवायचं नाही असं सांगितलं. 2019 मध्ये सरकारने हे सैल केलं. आता बाईची लेखी संमती आणि सुरक्षेच्या अटी असतील तर ती जमिनीखालीही काम करू शकते.

हे वाचलं तेव्हा आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. खाणीतल्या बाईची रात्र कायद्याने घड्याळ लावून मोजली. शेतातल्या बाईची रात्र कुणी मोजली? तिने ओलिताला जावं की जाऊ नये, गेली तर सोबत काय असावं, हे आजवर कुणी विचारलं नाही. वीज आली की मोटर सुरू करायची, एवढंच.

कार्बाइड, बॅटरी आणि निळा दिवा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोपीवर कार्बाइडचा दिवा आला. आंबे-केळी पिकवायला बंदी असूनही चोरून वापरतात तेच कार्बाइड. त्यावर पाण्याचे थेंब पडले की वायू निघतो आणि तो पेटवला की पांढरा लख्ख उजेड पडतो. दिव्याला दोन कप्पे, वर पाणी, खाली कार्बाइड. अमेरिकेत 1900 मध्ये अशा दिव्याचं पेटंट निघालं. उजेड भरपूर, पण ज्योत उघडीच.

मग विजेची बत्ती आली. 1914 च्या सुमारास थॉमस एडिसन यांनी खाणमजुरांसाठी अशी बत्ती बनवली. बॅटरी कमरेच्या पट्ट्याला, तिथून वायर डोक्यावरच्या टोपीला, टोपीवर बल्ब. पाळी संपली की बत्ती परत द्यायची, ती चार्ज व्हायची. मैत्रिणींनो, म्हणजे चार्जिंगची डोक्याची बत्ती ही काही काल-परवाची गोष्ट नाही. तिला शंभर वर्षं होऊन गेली. आमच्या गटातल्या एकीचा भाऊ चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत आहे. तो म्हणाला, खाणीत लॅम्प रूम असते. प्रत्येक बत्तीला नंबर असतो. ज्याची त्याला मिळते, परत आल्यावर तिथेच जमा होते. कोणती बत्ती परत आली नाही यावरून कोण अजून खाली आहे तेही कळतं. ही लॅम्प रूमची गोष्टही आम्ही वहीत लिहिली.

त्या काळात आपल्या गावात काय होतं? चिमणी, कंदील आणि लग्नकार्यात गॅसबत्ती. कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगल्यांचा काचेचा कारखाना होता, तिथला 'प्रभाकर कंदील' महाराष्ट्रभर गेला. रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसायची, वात कातरायची, तेल घालायचं, हे काम बाईचं. आणि गॅसबत्ती? वरातीत नवरदेवाच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या बाया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आपल्याकडची डोक्यावरची बत्ती ती. खाणमजुराच्या डोक्यावरची बत्ती त्याच्या स्वतःच्या कामासाठी होती. आपल्या बायांच्या डोक्यावरची बत्ती दुसऱ्याच्या वरातीसाठी.

आज ही बत्ती इतकी हलकी झाली ती दोन शोधांमुळे. पहिला एलईडी. 1962 मध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता, आणि तो नीट जमायला 1990 चं दशक उजाडलं. जपानचे आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांनी ते केलं, म्हणून 2014 चं नोबेल त्यांना मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळ्या रसायनाचा थर दिला की उजेड पांढरा दिसतो. बत्ती बंद असताना तिच्या तोंडाशी पिवळा ठिपका दिसतो, तो हाच. दुसरा शोध लिथियमच्या बॅटरीचा, मोबाइलमध्ये असते ती. 1991 पासून ती बाजारात आहे आणि तिच्यासाठी 2019 चं नोबेल तिघांना मिळालं.

तेहतीस रात्री

आता आमच्या बत्तीकडे येऊ. आधी हिशोब सांगतो, कारण फसवणूक तिथेच होते. दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारातून आम्ही अशीच एक बत्ती घेतली होती. डब्यावर मोठमोठे आकडे होते. ती पंधरा दिवसांत बंद पडली. या वेळी ठरवलं, आकडे समजून घ्यायचे.

उजेड मोजतात लुमेनमध्ये. बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-अवरमध्ये. आमच्या बत्तीची बॅटरी बोटाएवढी आहे, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. तिच्यावर 3.7 व्होल्ट आणि 2600 एमएएच लिहिलं आहे. 3.7 ला 2.6 ने गुणा, साडेनऊच्या वर वॉट-अवर येतात. चांगला एलईडी एका वॉटमध्ये साधारण 100 लुमेन देतो. म्हणजे ही बॅटरी 1000 लुमेन दिले तर तासभर पुरेल, 100 लुमेन दिले तर नऊ-दहा तास. पिठाच्या डब्यासारखं आहे. डब्यात पीठ तेवढंच, मोठ्या भाकरी केल्या की कमी होतात. म्हणून एवढ्याच बॅटरीच्या बत्तीवर 'दहा हजार लुमेन, वीस तास' असं लिहिलेलं दिसलं तर खुशाल समजा की खोटं आहे.

चांगल्या बत्तीच्या डब्यावर कधी कधी 'एफएल 1' असं लिहिलेलं असतं. मोजमापाची ही पद्धत 2009 मध्ये अमेरिकेत ठरली. त्यात 'बत्ती किती तास चालते' याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. आणि 'किती मीटरपर्यंत उजेड जातो' याचा अर्थ जिथे तो पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो तिथपर्यंत. म्हणजे खरा आकडासुद्धा नीट समजून घ्यावा लागतो.

आमच्या वहीत काय निघालं ते आता ऐका.

सगळ्यात मोठा उजेड काही मिनिटंच टिकतो. कपाळाला गरम लागतं आणि बत्ती आपोआप उजेड कमी करते. ती बिघडलेली नसते, जळू नये म्हणून तसं केलेलं असतं. लांबवर रोही किंवा रानडुक्कर आहे का ते बघायला तेवढा वेळ पुरतो. पाईप जोडायला मधला उजेड भरपूर होतो. तो सलग चार-साडेचार तास चालला. संडासला जायला, बाळाचं बघायला सगळ्यात लहान उजेड पुरे.

वजन किराणा दुकानाच्या काट्यावर 140 ग्रॅम भरलं. फार नाही, पण पदर डोक्यावर असला की पट्टा घसरतो. तेल लावलेल्या केसांवरून तर घसरतोच. आम्ही असं केलं, आधी रुमाल घट्ट बांधायचा, त्यावर पट्टा, पट्ट्याची मागची बाजू अंबाड्याच्या खाली. डोक्यावर चुंबळ आणि भारा असेल तर पट्टा कपाळावर राहतो, पण मान हलवता येत नाही, म्हणून बत्तीचं तोंड आधीच खाली वळवून ठेवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बत्ती कपाळावर असली की उजेड आणि डोळे एका रेषेत येतात. त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि जमीन सपाट वाटते. एक ताई दोनदा खड्ड्यात पडता पडता वाचली. मग तिनेच उपाय काढला. चालताना पट्टा कमरेला बांधायचा. उजेड खालून येतो, ढेकूळ, भेग, बीळ, सगळ्याची सावली पडते आणि धुरा स्पष्ट दिसतो. काम करायला बसलं की बत्ती पुन्हा डोक्यावर. साप चावलेल्या ताईंनी हे करून पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या रात्री असं असतं तर ती मला आधी दिसली असती." तरीही सांगतो, बत्ती म्हणजे कवच नाही. पायात बूट हवेत, हातात काठी हवी, आणि साप चावलाच तर जडीबुटी न करता तडक दवाखाना.

पाण्याजवळ किडे तोंडावर येतात, तिथेही कमरेची बत्ती बरी. समोरच्याशी बोलताना मान वर केली की त्याचे डोळे दिपतात, म्हणून बोलताना बत्ती खाली वळवायची. मोठा उजेड लहान मुलांच्या डोळ्यांत कधीही मारायचा नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, एकदा दिपले की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या बत्तीत लाल उजेड आहे, तो मंद असल्याने डोळे कमी दिपतात.

स्प्रिंकलरचं पाणी उडालं तरी बत्ती चालली. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण मात्र नीट दाबलेलं हवं. एकदा पिशवीत आपोआप सुरू होऊन रात्रीत पूर्ण उतरली, ऐन वेळी पेटेना. तेव्हापासून पिशवीत ठेवताना मागचं झाकण अर्धा आटा सैल करतो. रोज जवळ बाळगायची वस्तू आहे, तर ही सवय लावलीच पाहिजे.

खर्चाचं म्हणाल तर एकदा चार्ज करायला दहा वॉट-अवरच्या आसपास वीज लागते. एक युनिट म्हणजे 1000. वाया जाणारी वीज धरली तरी एका युनिटमध्ये सत्तर-ऐंशी वेळा बत्ती चार्ज होते. पण बॅटरी फुगली, पिचकली किंवा भिजली तर वापरायची नाही, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकायची नाही. अंथरुणावर ठेवून चार्ज करायची नाही.

बत्ती गेली कुठे?

एक गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. तीन-तीन रात्रींचा हिशोब करताना लक्षात आलं की चार घरांत बत्ती पहिल्या रात्री बाईकडे होती आणि दुसऱ्या रात्री जागलीवर गेली. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या डोक्यावर. कुणी हिसकावून नेली नाही. "ठेव, मी घेऊन जातो," एवढंच म्हटलं, आणि बाईने दिली. तिसऱ्या रात्री ती पुन्हा मोबाइल दातात धरून पाईप बदलत होती.

बैठकीत यावर भांडणच झालं. एक म्हणाली, घरातल्यांनाही लागतेच की. दुसरी म्हणाली, त्यांना लागते तर त्यांनी घ्यावी, ही गटाची आहे. साप चावलेल्या ताई बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "खाणीत प्रत्येकाची बत्ती त्याच्या नंबरची असते ना? मग आपलीही तशीच ठेवू."

तसं ठरलं. गटाच्या पैशातून आम्ही आणखी चार बत्त्या घेतल्या. पाच बत्त्या, रात्री जाणाऱ्या पाच जणी. प्रत्येक बत्तीला रंगाने नंबर टाकला. दिवसा सगळ्या एका ताईच्या घरी चार्ज होतात, तीच आमची लॅम्प रूम. संध्याकाळी जिची तिने सही करून न्यायची, सकाळी परत आणायची. सकाळी कुणाची बत्ती आली नाही तर लगेच तिच्या घरी जाऊन बघायचं. खाणीची ही रीत आम्हाला फार आवडली, कारण यात बत्तीपेक्षा बाईची चौकशी जास्त आहे.

आणि काकूंचं ते वाक्य, बत्ती दिली की कामही वाढवून देतात? तेही विसरलो नाही. बत्ती आली म्हणून रात्रीचं ओलित बाईचंच, असं होऊ द्यायचं नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून ग्रामसभेत अर्ज दिला आहे, त्यावर अकराही जणींच्या सह्या आहेत. घरातही बोलणं सुरू आहे. तीन घरांत आता पाळी लागली आहे, एक रात्र तो, एक रात्र ती. बाकीच्यांचं अजून चालू आहे.

मागच्या आठवड्यात साप चावलेल्या ताईंकडे मोटर बिघडली. रात्रीची वेळ होती. त्यांनी बत्ती डोक्याला बांधली, पाना घेतला आणि स्वतः खाली बसल्या. नात सवयीने मोबाइल घेऊन बत्ती धरायला आली. ताई तिला म्हणाल्या, "तू राहू दे बाई. इकडे बस, आणि मी काय करते ते बघ."

तुमच्या गावात रात्री कोण ओलिताला जातं, आणि तिच्या हातात काय असतं? पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढं नक्की विचारा.